वळवाच्या सरीनंतरची मिरची

मे महिन्यात वळवाची एक हलकी सर येऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी शिरोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या ठिबकवरच्या मिरचीने माना टाकल्या. पावसाने पीक तरारायचे, ते उलटे सुकले, म्हणून कुणी मर रोग म्हणाले, कुणी विद्राव्य खताला दोष दिला, आणि मी पोहोचण्याआधीच दुकानदाराने बुरशीनाशकाची आळवणी करवून घेतली होती, म्हणजे ते पाण्यातून मुळांशी ओतवले होते. या भागात निदान बहुधा औषधाच्या बाटलीपासून सुरू होते.

माती परीक्षणाच्या अहवालात क्षारता सर्वसाधारण होती. तो अहवाल खोटा नव्हता; पण शेतात नागमोडी फिरून ठिकठिकाणची माती एकत्र कालवायची आणि त्यातली अर्धा किलो पुडीत भरायची, ही रूढ पद्धत सुपीकतेसाठी बरी असली तरी ठिबकच्या रानात नेमके शोधायचे तेच पुसून टाकते. म्हणून मी नळीला काटकोनात चर घेतला आणि तोटीपासून वीतभर अंतराने, वरचा आणि खालचा थर वेगळा ठेवून नमुने काढले. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा द्रावणाची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, तोटीखाली 0.4 डेसीसायमन प्रति मीटर होती. ओल जिथे संपते तिथल्या वरच्या पांढुरक्या थरात ती 3 च्या पुढे गेली. या मापनात 1 च्या वर गेले की पिकाची काळजी सुरू होते.

बोअरचे पाणी मचूळ, वाहकता 2, म्हणजे लिटरमागे साधारण 1.3 ग्रॅम क्षार. एकरी तीन लाख लिटर पाणी दिले की जवळपास चारशे किलो क्षार रानात उतरतात. पाटपाण्यात ते वरंब्याच्या माथ्यावर चढतात, ठिबकमध्ये ओलाव्याच्या कडेला साठतात, आणि पाणी चालू आहे तोवर मुळांपासून दूर राहतात. जोरदार पावसाने ते खोल गेले असते. हलक्या सरीने कडेचे क्षार विरघळवले आणि ठिबक बंद असल्याने ते मुळांपाशी आणून सोडले.

पाऊस लागला की ठिबक चालू करा, हा माझा सल्ला ऐकून शेतकरी म्हणाले, "साहेब, पावसात मोटर लावली तर भावकी हसंल की!" संच बसवणाऱ्याने एवढे एक वाक्य सांगितले असते तर पीक वाचले असते.

मला मात्र त्या चराच्या तळाशी पाझरलेले पाणी अस्वस्थ करते. क्षार धुवायला जादा पाणी द्यावे, तर निचऱ्याअभावी भूजल आणखी वर येते आणि उन्हाळ्यात केशाकर्षणाने तेच क्षार पुन्हा माथ्यावर चढतात. निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकता येतील, पण ते पाणी सोडायचा ओढा दोन शेजाऱ्यांच्या उसापलीकडे आहे, आणि त्या उसाला अजूनही सरी तुडुंब भरून पाणी दिले जाते. आमच्या अहवालातील शिफारस मात्र एका गट क्रमांकापुरतीच असते.