एमटीबीला मोटर बसली!

आज आमच्या जुन्या एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइक सायकलला, एकदाची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी विजेची मोटर) बसली. 250 वॉट, 36 व्होल्टची बॅटरी, आणि मोटर मागच्या चाकात. पुढे बसवणं सोपं असतं, पण पुढचा फोर्क (चाक धरणारा चिमटा) सस्पेन्शनचा, धक्के शोषणारा. त्याच्यावर तो पीळ टाकायला मन धजेना.

खरा वेळ खाल्ला टॉर्क आर्मने. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा तिचा अ‍ॅक्सल (मधला दांडा) तेवढ्याच जोराने उलटा फिरू बघतो. नुसत्या नटांच्या भरवशावर राहिलं तर फ्रेमची खाच रुंदावते, अ‍ॅक्सल फिरतो आणि वायर पिळून तुटते. त्यासाठी हा टॉर्क आर्म, बोटभर पोलादी पट्टी: एक टोक अ‍ॅक्सलच्या चपट्या भागावर, दुसरं फ्रेमला. किटमधली पट्टी अर्थातच जुळेना! इथे इंदूरच्या रामबागेतल्या सायकलवाल्या काकांनी कानस घेतली. दोन घासे, लावून बघ, परत दोन घासे. "घाई असेल तर उद्या ये भिया, ढिली नाही बसवणार."

बाकी पेडल सेन्सर (पाय फिरले की मोटर चालू करणारा), ब्रेकचे कट-ऑफ (ब्रेक दाबला की मोटर बंद करणारे) वगैरे पटापट झालं.

संध्याकाळी थेट बिजासन टेकडी. चढावर पाय चालू ठेवायचे, हे महत्त्वाचं. चाक रखडत फिरलं की वीज बरीचशी उष्णतेतच जाते, मोटर तापते. वर पोचलो तेव्हा चक्क बोलण्याइतका श्वास शिल्लक होता.

घरी आईचा प्रश्न : "मग व्यायाम कसला?"

उतरताना मात्र वाढलेलं वजन जाणवलं. ब्रेक पॅड बदलायला हवेत.