ए५९०चे स्टार ट्रेल: तुटक रेघा अखेर सांधल्या

मंडळी, जमलं! ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेघा (स्टार ट्रेल) सलग आल्या, त्याही २००८ सालच्या पॉवरशॉट ए५९०वर. कॅननने या कॅमेऱ्याचं शटर १५ सेकंदांवर अडवलंय, पण सीएचडीके या कार्डावरून चालणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरच्या ओव्हरराइडने मी ६० सेकंदांच्या फ्रेम्स एकामागोमाग घेतो आणि नंतर एकत्र जोडतो.

जागा नेहमीचीच, नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याच्या दक्षिणेला, किल्ल्यापासून बरंच अलीकडे. शहराचा उजेड पाठीशी राहतो. नाशिकहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर दिसतो आणि ए५९०च्या वाइड फ्रेममध्ये उभे साधारण ४० अंश मावतात. त्यामुळे तळाला किल्ल्याची कड ठेवली की ध्रुव आपोआप फ्रेमच्या मध्यावर येतो.

आता आजवर रेघा तोडणाऱ्या छळवादी फटींबद्दल. लांब एक्स्पोजर झालं की कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाची डार्क फ्रेम घेतो आणि मूळ फोटोतून वजा करतो. म्हणजे मिनिटभर तारा टिपायचा आणि मिनिटभर डोळे मिटायचे. ध्रुव मध्यावर असताना फ्रेमच्या कोपऱ्यातला तारा मिनिटाला साधारण ८ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो आणि आपला एक पिक्सेल जवळपास एका कलेचा. म्हणून साधारण ८ पिक्सेल रेघ, ८ पिक्सेल काळोख! सीएचडीकेच्या स्क्रिप्टमध्ये set_raw_nr(1) टाकून डार्क फ्रेम बंद केली, तरी दोन शॉट्सच्या मध्ये डीएनजी (रॉ) फाइल कार्डावर उतरेपर्यंत वेळ जायचा आणि रेघ मण्यांसारखी तुटायची. शेवटी डीएनजीवर पाणी सोडलं, ड्राइव्ह मोड कंटिन्युअस केला आणि स्क्रिप्टने शटर दाबूनच धरलं. फट पिक्सेलभराच्या आत आली. १०० टक्के झूम करून एकेक रेघ बोटाने तपासली, कुठे खंड नाही. काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण डार्क फ्रेम गेली आणि लाल-निळे हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचे सदोष चमकते ठिपके, आले. सीएचडीकेची badpixel.bin ही सदोष पिक्सेलची यादी डीएनजीसाठी असते, जेपेगला तिचा उपयोग नाही. तेव्हा शूट संपताच लेन्सवर काळं कापड घट्ट गुंडाळून त्याच सेटिंगवर काही फ्रेम्स घेतल्या आणि स्टारस्टॅक्स या फ्रेम्स जोडणाऱ्या प्रोग्रामला डार्क म्हणून दिल्या. बरेच ठिपके गेले. सुरुवातीच्या फ्रेम्समध्ये मात्र वजाबाकी जास्त होऊन काळे ठिपके पडतात, कारण तासाभरात सेन्सर तापतो आणि शेवटी घेतलेले डार्क त्या तापलेल्या सेन्सरचे असतात.

कार्डाबद्दल एक सांगतो. कॅमेरा चालू करताच सीएचडीके आपोआप सुरू व्हायला (ऑटोबूट) या कॅमेऱ्यात कार्ड फॅट१६ फॉरमॅटचं असावं लागतं, आणि त्याचं लॉक लावावं लागतं. मायक्रोएसडीचे स्वस्त अडॅप्टर घेऊच नका. त्यांची लॉकची पट्टी इतकी सैल असते की जागेवर राहतच नाही. एम. जी. रोडला अस्सल २ जीबी एसडी दिसलं तर दोन उचला. सेल एनेलूपचे रिचार्जेबलच. एव्ही सॉकेटमध्ये नुसती पिन खोचली की स्क्रीन बंद होते, तेवढीच बॅटरीची बचत.

पुढच्या अमावास्येला अंजनेरी गाठायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: सीएचडीकेचं get_temperature(1) सेन्सरचं तापमान देतं! मग प्रत्येक शॉटला ते लॉगमध्ये का लिहू नये? गच्चीवर गार आणि उबदार अशा दोन्ही रात्री डार्क घेऊन तापमानाप्रमाणे फोल्डर लावायचे आणि प्रत्येक फ्रेममधून तिच्या जोडीचा डार्क वजा करायचा. अंजनेरी थांबेल, आधी हेच. शटर दाबून धरलेलं असताना स्क्रिप्टला प्रत्येक फ्रेम संपल्याचं नेमकं कसं कळवायचं, यावर get_exp_count (फोटोचा चालू क्रमांक देणारी आज्ञा) वापरून बघतोय. कुणी ए५९०, फर्मवेअर १.०१बी वर हे केलं असेल तर तुमचा लूप जरूर दाखवा.