जाळी कुठली, हे शोधताना

योनीतून अंग बाहेर येत होतं म्हणून माझं ऑपरेशन झालं, तेव्हा "आतून आधाराला जाळी बसवू" एवढंच कानावर आलं होतं. पहिली चार वर्षं बरी गेली. मग रक्ताचे डाग दिसू लागले, बसताना आत टोचायला लागलं, आणि संबंधाच्या वेळी नवऱ्यालाही काहीतरी खरखरीत लागायचं. ही शेवटची गोष्ट डॉक्टरांना सांगायला मी वर्षभर धजावले नाही. सांगितली असती तर निदान तिथेच झालं असतं.

दोन ठिकाणी "पाळी गेल्यावर असं होतं" म्हणून मलम मिळालं. सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही, तेव्हा दुखणं मनाचं ठरलं. त्याचा राग अजून येतो. पुढे भेटलेल्या तज्ज्ञ बाईंनी बोट फिरवूनच जाळीची उघडी पडलेली कड ओळखली. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची जाळी सीटीत नीट दिसत नाही, योनीमुखाशी प्रोब ठेवून केलेल्या सोनोग्राफीत दिसते, हे त्यांच्याकडून कळलं.

त्यांनी विचारलं, "जाळी कुठली?" डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'मेश रिपेअर'. लघवी गळते म्हणून मूत्रमार्गाखाली घालतात ती अरुंद पट्टी वेगळी, पोटातून बसवलेली जाळी वेगळी, आणि अंग वर उचलायला योनीतून बसवलेली वेगळी. या तिसऱ्या प्रकारातले गंभीर त्रास दुर्मीळ नाहीत, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, 2011 मध्येच जाहीर केलं होतं. एप्रिल 2019 मध्ये तर तिथे तिची विक्रीच थांबवायला लावली. पट्टी आणि पोटातली जाळी त्या आदेशात नव्हती.

लेखी अर्ज, तीन फेऱ्या, मग पूर्ण ऑपरेशन नोट हातात आली. पाकिटावरचं स्टिकर तिला चिकटवलेलं होतं: नाव, लॉट नंबर सगळं. माझी जाळी त्या तिसऱ्या प्रकारचीच होती, योनीतून बसवलेली.

सगळी काढा, असा मी हट्ट धरला. पण छिद्रांतून मांस वाढून जाळी अंगात मुरलेली असते. खेचून काढताना मूत्राशयाला इजा होऊ शकते. बाईंनी उघडा भाग तेवढा कापून वर शिवलं. डाग थांबले, टोचणंही गेलं. जांघेतली कळ मात्र अजून येते. जाळीचे दोन्ही हात, म्हणजे तिची लांबट टोकं, तिथूनच गेलेत, आणि ते आतच आहेत.