तुम्ही विचारलंत म्हणून: अली की टायसन?

माझ्या चुलत्यांचं तेरावं होतं. पानं वाढून होत होती, तेवढ्यात शेजारचे गृहस्थ कानाशी लागून म्हणाले, "तुम्ही बॉक्सिंगवाले ना? एक सांगा. अली आणि टायसन, दोघंही ऐन भरात. कोण जिंकेल?"

मी म्हटलं, "आधी जेवून घेऊ."

गेली तीस-पस्तीस वर्षं मी असाच सटकतोय. लोकांना वाटतं, याला भाव खायचाय. कुणी म्हणतं, याला माहीतच नाही. म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच हातात ठेवीन.

पहिलं म्हणजे, कुठला अली? एवढं विचारलं तरी समोरचा वैतागतो. पण नोव्हेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला तीन राऊंडांत संपवणारा अली आणि 1974 मध्ये किन्शासात दोरांना टेकून तेव्हाचा चॅम्पियन जॉर्ज फोरमनचा मार अंगावर घेणारा अली ही दोन वेगळी माणसं आहेत. (विल्यम्सच्या अंगात तेव्हा पोलिसाची गोळी रुतलेली होती, हे आम्ही अलीभक्त जरा हळू आवाजात सांगतो.) पहिल्याला कुणाचा हात लागत नव्हता. दुसऱ्याचे पाय, सैन्यात जायला नकार दिला म्हणून आलेल्या साडेतीन वर्षांच्या बंदीत गेले, म्हणून तो मार खाऊन जिंकायला शिकला. लोक काय करतात? 66 चे पाय घेतात, 74 ची छाती घेतात आणि असा जोडून तयार केलेला माणूस रिंगमध्ये उतरवतात. टायसनचं उलटं. जून 1988 मध्ये स्पिंक्सला 91 सेकंदांत झोपवणारा टायसन सगळ्यांना हवा. टोकियोत बस्टर डग्लसकडून हरताना रांगत गमशील (दातांवरचं रबरी कवच) शोधणारा टायसन कुणालाच नको. मधे पुरते वीस महिनेही नाहीत.

वैतागतो खरा, पण विशीत माझ्याकडे दोनशे पानी वही होती. त्यात मी सोळा हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटातले, चॅम्पियन एकमेकांशी लढवले होते. वजन, उंची, हातांची लांबी, हनुवटीचा टणकपणा, सगळ्याला गुण. हनुवटीला गुण कसे दिले ते विचारू नका. त्यात माझा एक ठाम सिद्धांत होता: मोठं माप छोट्या मापाला खातं, विषय संपला. मार्सियानो 49 पैकी 49 लढती जिंकला, मान्य, पण त्याचं वजन पंच्याऐंशी किलोच्या आसपास. आज तो हेवीवेटमध्ये उभाही राहिला नसता, खालच्या क्रूझरवेटमध्ये खेळला असता. हे मी माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलंय की ती पाठ म्हणून दाखवायची. मग 2024 उजाडलं. क्रूझरवेटमधून वर आलेल्या उसिकनं धिप्पाड टायसन फ्युरीला (हा टायसन वेगळा) मे महिन्यात हरवलं, आणि डिसेंबरमध्ये समोरच्यापेक्षा पंचवीस किलो हलका असताना परत हरवलं. माझ्या जुन्या पोरांपैकी एकाचा रात्रीच मेसेज आला: "सर, वही जाळली का?"

माझ्या वहीचं काम माझ्याआधी एकानं कॉम्प्युटरवर करून पाहिलं होतं. मायामीचा मरी वोरोनर. 1967 मध्ये त्यानंही सोळा चॅम्पियन घेतले, एनसीआर कंपनीच्या यंत्रात त्यांची माहिती भरली आणि यंत्रानं काढलेले निकाल रेडिओवर लढतीच्या थाटात ऐकवले. त्यात अली जेफ्रीज या शतकाच्या सुरुवातीच्या जुन्या गोऱ्या चॅम्पियनकडून हरला. खरा, जिवंत अली भडकला आणि त्यानं दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड झाली ती अशी, की अली मार्सियानोबरोबर कॅमेऱ्यासमोर लढेल आणि कोण जिंकलं ते यंत्र ठरवेल. 1969 मध्ये बंद स्टुडिओत दोघांनी एकेका मिनिटाचे सत्तरेक राऊंड खेळून दाखवले. अलीवर बंदी होती, मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्यानं पोट उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. चित्रीकरण संपलं, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मार्सियानो विमान अपघातात गेला. पुढच्या जानेवारीत थिएटरांत पडद्यावर त्यानं अलीला तेराव्या राऊंडात पाडलं. आपण जिंकलो हे बघायला तो नव्हता. अलीचं म्हणणं, ते यंत्र अलाबामात, म्हणजे काळ्यांना छळणाऱ्या राज्यात, बनवलेलं असणार.

हे मी सांगितलं की लोक हसतात, आणि मग म्हणतात, "ते ठीक आहे, पण खरं कोण?"

अहो, खरं झालंय. काळाशी काळ खरोखर भिडलेत, आणि ते बघवत नाही. 1951 मध्ये सदतीस वर्षांच्या जो लुईला मार्सियानोनं आठव्या राऊंडात दोरांबाहेर फेकलं आणि नंतर कपडे बदलायच्या खोलीत तो स्वतःच रडला, कारण लुई त्याचा देव होता. ऑक्टोबर 1980 मध्ये लास वेगासला लॅरी होम्स अलीसमोर उभा राहिला. एके काळी हाच होम्स अलीच्या सरावासाठी रोज त्याचा मार खायचा. दहा राऊंड झाले, तिन्ही पंचांनी एकही राऊंड अलीला दिला नाही. अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं लढत थांबवली आणि होम्स रडला. अली तेव्हा अडतीस वर्षांचा. जानेवारी 1988 मध्ये एकवीस वर्षांच्या टायसननं होम्सला चौथ्या राऊंडात तीनदा पाडलं, तेव्हा होम्सचं वयही अडतीसच. अली त्या रात्री तिथे हजर होता.

ही शेवटची लढत मी परळला पाहिली.

आमची व्यायामशाळा चाळींच्या मधोमध. खाली मल्लखांब आणि वजनं, वर माळ्यावर दोन पंचिंग बॅगा. भिंतीवर वर्तमानपत्रातला एक पिवळा पडलेला फोटो: 1980 मध्ये अली दिल्लीत आला होता, आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनीय लढत खेळला, त्याचा. तो सरांनी चिकटवलेला. सर आधी गिरणीत होते. संपात नोकरी गेल्यावर एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन झाले. संध्याकाळी आम्हाला शिकवायचे आणि डबा घेऊन तिथूनच कामाला जायचे. फी नव्हती. कुणाच्या तरी भावानं दुबईहून कॅसेट आणली, आम्ही वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणला. होम्स तिसऱ्यांदा पडला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. सर एवढंच म्हणाले, "यानंही आपल्या गुरूला मारलं होतं," आणि उठले.

आणि मी म्हणालो, "सर, तुमच्या काळातली माणसं आजच्या पोरांपुढे टिकायची नाहीत."

"तुमच्या काळातली" म्हणताना मला अली म्हणायचं होतं की सर, ते मला तेव्हाही माहीत होतं. पोरांनी उचलून धरलं. होऊन जाऊ दे, सर! सर हसले आणि हो म्हणाले. का म्हणाले? मी वीस वर्षांचा, ते बेचाळीस. आम्ही दोघंही सत्तर-बहात्तर किलोचे, हेवीवेट वगैरे काही नाही.

हनुमान जयंतीच्या संध्याकाळी, मल्लखांबाची प्रात्यक्षिकं झाल्यावर, खाली गाद्या टाकल्या. चार बाजूंनी पोरांनी दोर धरले. दोन-दोन मिनिटांचे तीन राऊंड ठरले. हेडगार्ड एकच होता. तो सरांनी माझ्या डोक्यावर चढवला आणि हनुवटीखालचा पट्टा स्वतः आवळला.

पहिल्या राऊंडात माझा एकही ठोसा लागला नाही. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकावा तिथे सर नसायचेच. चाळीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या, म्हाताऱ्या हसत होत्या. मला त्या हसण्याचा राग आला, सरांचा नाही. दुसऱ्या राऊंडात मी तुटून पडलो आणि माझी जुनी खोड, डावा हात खाली आला. सरांचा उजवा सरळ माझ्या हनुवटीकडे आला. दिसला मला. तो नुसता चाटून गेला, आणि गमशीलमधून सरांचा आवाज आला, "डावा वर."

तिसऱ्या राऊंडात त्यांचं तोंड उघडं पडलं होतं. धाप. रात्रभर गोदामावर जागलेला माणूस होता तो, पण तेव्हा मला फक्त उघडं तोंड दिसलं. तोंड उघडं पडलं की बरगडीत मारायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. मी डावा बरगडीत घातला, ते वाकले, आणि मी उजवा मारला. पूर्ण ताकदीनं. ते पडले नाहीत, मागे खुर्ची आहे असं समजून बसावं तसे बसले. लहान पोरं हसली. पुढच्या रांगेत त्यांची मुलगी होती, हातात सुंठवडा घेऊन. मी तिकडे पाहिलं नाही.

मार्सियानो रडला, होम्स रडला. मी नाही रडलो. मला पोरांनी खांद्यावर घेतलं आणि मला भयंकर आनंद झाला. रात्री नाक्यावर वडापाव खात मी तो ठोसा तीनदा करून दाखवला. सर तोवर सुजलेल्या ओठानिशी कामावर गेले होते. पुढे आठ दिवस ते आले नाहीत. आले ते नेहमीसारखं शिकवायला लागले, फक्त ग्लोव्हज पुन्हा कधी चढवले नाहीत.

वर्षानुवर्षं मी "सरांना पाडलं होतं" असं सांगत आलो. स्वतः चाळिशी ओलांडली, गुडघे बोलायला लागले, आणि सांगणं बदललं: "सरांनी मला सोडलं होतं." दुसऱ्या राऊंडातला तो उजवा. पण विशीतला मी अजून आत कुठेतरी आहे आणि तो म्हणतो, थापा मारू नकोस. तो हात दमलेला होता, पोहोचला नाही एवढंच. तुला आता लाज वाटते म्हणून तू त्या हाताला मोठेपणा चिकटवतोयस. मी त्याला म्हणतो, मग "डावा वर" कोण म्हणालं? त्यावर तो म्हणतो, ते तर सर रोजच म्हणायचे.

इथे कुणीतरी फोरमनचं नाव काढणार, माहितीय. 1994 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी त्यानं किन्शासातलीच जुनी चड्डी घालून सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या राऊंडात झोपवलं. नऊ राऊंड मार खाल्ला, गुणांवर मागे होता, आणि एका उजव्यात निकाल. म्हणजे म्हातारा नेहमी हरतो हेही खरं नाही. ती लढत पाहताना मी नाचलो, आणि मग कितीतरी वेळ मला तो न लागलेला उजवाच आठवत राहिला.

तीन वर्षांपूर्वी विरारला सरांना भेटायला गेलो. वय झालंय, पण बोलणं साफ. धीर करून विचारलं, "सर, दुसऱ्या राऊंडात तुम्ही हात आवरलात ना?"

सर म्हणाले, "दुसरा राऊंड कुठे झाला? एकच झाला. मला चक्कर आली, थांबवली."

मी म्हटलं, तीन झाले. ते म्हणाले, एक. त्यांची मुलगी चहा घेऊन आली, तिला विचारावंसं वाटलं, पण नाही विचारलं. त्या दिवशी घंटा वाजवणारा मित्र आता डोंबिवलीत असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "तीन कसले, दोनच. पण तू अलीसारखा नाचत होतास, ते लक्षात आहे."

आमच्या चाळीतली, शे-दीडशे माणसांसमोर झालेली लढत. तिचे राऊंड किती, यावर तीन जिवंत माणसांचं एकमत नाही. आणि तुम्ही मला 1966 आणि 1988 एका रिंगमध्ये उतरवायला सांगताय.

तरी विचारताच आहात, तर 66 चा अली. गुणांवर. टायसन पहिले चार राऊंड धोक्याचा, सहाव्यापासून त्याचे हात कमी होतील, दहाव्यानंतर अली त्याच्याशी गप्पा मारेल. पण हे पंधरा राऊंडांचं झालं. अलीच्या काळात पंधरा असायचे, टायसनच्या काळात बारा. बाराच ठेवणार असाल तर थांबा जरा, वही कुठे ठेवलीय ते बघतो.