नुसतं 'टक'

बुधवार, रात्री साडेदहा

आज बाबांचं डायलिसिस पाऊण तास उशिरा सुरू झालं. सकाळी सहाला किल्ली फिरवली तर नुसतं 'टक'. डॅशबोर्डवरचे दिवे एकदम विझले आणि परत लागले. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. बाबा मागच्या सीटवर चादर आणि डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. एका शब्दानं बोलले नाहीत, पण त्यांचं ते गप्प बसणं दिवसभर माझ्या डोक्यातून गेलं नाही. शेवटी शेजारच्या दादांना उठवलं. त्यांनी बनियनवरच रिक्षा काढली आणि भर पावसात आम्हाला चिपळुणात पोचवलं.

मशीनच्या पाळ्या ठरलेल्या असतात. आपल्याला उशीर झाला की आपल्या मागचा माणूस ताटकळतो, आणि तोही बाबांसारखाच थकलेला असतो, अंगात तीन-चार दिवसांचं पाणी साठलेला. आज त्यांच्यातल्या एका मावशींना बाकावर बसून राहावं लागलं. मी त्यांची माफी मागितली.

दुपारी ओळखीच्या एकाला फोन केला. तो म्हणाला, "सेल्फ गेला असणार, चार-पाच हजार धरून चाल." सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिन चालू करणारी मोटर. बॅटरी पाच आठवड्यांपूर्वीच नवी घातलेली, त्यामुळे मलाही ते पटलं. पण संध्याकाळी गाडीत जरा वेळ बसलो तेव्हा घड्याळाकडे लक्ष गेलं. बारा वाजून चार मिनिटं! सोमवारीही ते असंच मागे पडलं होतं. मी वेळ लावली आणि विसरून गेलो. सेल्फ बिघडला म्हणून घड्याळ शून्यावर, म्हणजे बारावर, येत नाही. ते येतं वीज मध्येच तुटली की. म्हणजे दोष सेल्फपर्यंत पोचायच्या आधीच कुठेतरी आहे.

उद्या बोनेट उघडून बघणार.

गुरुवार, रात्र

सापडलं.

बोनेट उघडून बॅटरीच्या काळ्या वायरीचा क्लॅम्प दोन बोटांत धरला आणि हलकेच वळवला, तर तो बरणीच्या झाकणासारखा फिरला. नट मात्र शेवटपर्यंत आवळलेला. क्लॅम्पचे दोन्ही कान एकमेकांना टेकलेले, आणखी आवळायला जागाच नाही. वरून बघणाऱ्याला सगळं घट्टच दिसणार.

खात्री करायला मल्टिमीटर आणला. एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरं त्याच खांबाला धरलेल्या क्लॅम्पवर. हिला किल्ली फिरवायला सांगितली. या दोघांत अंतर काहीच नाही, त्यामुळे आकडा शून्याच्या जवळपासच राहायला हवा. तो ९ व्होल्टच्या पुढे उडाला. १२ व्होल्टच्या बॅटरीतले ९ त्या एवढ्याशा सांध्यातच अडकत होते, सेल्फला उरत होतं ते नावापुरतं. दिवे लागतात म्हणून बॅटरी आणि वायरी ठीक आहेत, असं मी सकाळी धरून चाललो होतो. पण टपाचा दिवा एक अँपिअरसुद्धा घेत नाही, आणि लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ १००–१५० अँपिअर ओढतो. साकवावरून माणूस सहज जातो, म्हणून ट्रक जाईल का?

मग पाना आणला, दहाचा. बाबा खुर्ची ओढून समोर येऊन बसले. त्यांची ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली. आता डाव्या हातात फिश्चुला आहे, म्हणजे डायलिसिसची सुई लावायला जोडून घेतलेली शीर, त्या हातानं काही उचलायचं नाही, म्हणून टॉर्च उजव्या हातात धरला. मी पाना लाल टर्मिनलकडे नेताच त्यांचा आवाज चढला, "अरे, आधी काळी!" मला माहीत होतं, पण घाईत हात चुकला. काळी वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. ती जागेवर असताना लाल सोडवायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला, तर सरळ शॉर्ट होतो. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तिथे ठिणगी पडायला नको. म्हणून सोडताना काळी आधी, लाल नंतर. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. बसमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट करतात, तिथेही हेच, म्हणाले.

काळा क्लॅम्प निघाला आणि आतून पत्र्याची एक पट्टी खाली पडली. काळवंडलेली, कडेला गंज चढलेली. डब्याच्या झाकणाचा पत्रा कापून काढावा तशी. मी ती हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिलो. जुन्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड फाइलमध्ये होतं, ते काढलं. त्यावर ४६बी२४एलएस, नव्या बॅटरीवर ४६बी२४एल. शेवटच्या 'एस'चा अर्थ जाड खांब. जुनीचा काळा खांब जवळपास १८ मिलिमीटरचा असणार, नवीचा जेमतेम १३. डबा तोच, खांब बारीक. बसवणाऱ्याला हे दिसलं होतं, म्हणून तर त्यानं पट्टी घातली. मला सांगितलं मात्र नाही. परशुराम घाटातले हादरे पाच आठवडे खाऊन ती पट्टी सैल झाली. राग येतो तो याचाच. चूक कुणाच्याही हातून होते, पण ही माहीत असून झाकलेली होती. आणि त्या गाडीवर कोण अवलंबून आहे हे त्यानं विचारलंही नव्हतं.

बारीक खांब जाड करायला शिशाच्या टोप्या मिळतात. ७० रुपयांना जोडी आणली. शेजारच्या दादांनी क्लॅम्प आणि खांबाच्या फटीत खिळा ठोकायला सुचवलं होतं. बाबा म्हणाले, "खिळा एका रेघेत टेकतो, चहूबाजूंनी नाही. आणि खांबाला हातोडी लागली की बॅटरी वरून तडकते." क्लॅम्प कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुतले, तेव्हा आतल्या पांढऱ्या थरानं फेस धरला. कोरडे करून पॉलिश पेपरनं आतून चमकेपर्यंत घासले. टोप्या चढवल्या, क्लॅम्प तळापर्यंत बसवले, आवळले. आता कानांमध्ये चांगली दोन-तीन मिलिमीटर फट राहिली, आणि ती राहायलाच हवी. वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. मीटर पुन्हा लावला. सेल्फ फिरत असताना ०.०४.

बाबांनी पट्टी मागून घेतली आणि खिशात टाकली. कशाला, ते विचारलं नाही.

शनिवार, सकाळ, हॉस्पिटलचा बाक

पहिल्या फिरकीत गाडी लागली. बाबांनी वाकून आधी घड्याळ बघितलं. सहा वाजून तीन मिनिटं, बरोबर. सुई वेळेवर लागली. बुधवारच्या त्या मावशी पुढच्या पाळीला आहेत, त्यांना सांगून आलो. बॅटरीवाल्याकडे जाताना पट्टी बाबांकडून घ्यायची आहे. टेबलावर ठेवून सांगणार आहे त्याला, पुढच्याला असं बसवू नकोस.