तुम्ही विचारलंत म्हणून: संशोधन का सोडलं

'मॅडम, एवढं चांगलं चाललं होतं, मग सोडलंत कशाला?' स्टाफरूममध्ये, लग्नाकार्यात, नव्या बॅचच्या पहिल्याच आठवड्यात, कुठे ना कुठे हे निघतंच. वडिलांचं आजारपण, कोल्हापूरची कायमची नोकरी असं काहीबाही मी सांगत आले. ते खोटं नाही. पण तेवढ्यासाठी मी सोडलं नसतं.

सोडलं ते ब्युटेनॉलमुळे.

माझ्या पीएचडीचं एन्झाइम फॉस्फोलायपेज डी. पेशीपटलातल्या फॉस्फॅटिडिलकोलीन या लिपिडाचं, म्हणजे मेदरेणूचं, कोलीन छाटून ते फॉस्फॅटिडिक आम्ल तयार करतं आणि ते आम्ल पेशीच्या आत निरोप पोचवतं. पेशी उंदराच्या, मास्ट जातीच्या. ज्यांनी हिस्टामिन सोडलं की आपल्या अंगावर पित्त उठतं, त्या. त्यांना ते सोडायला हे एन्झाइम लागतं का, एवढाच माझा प्रश्न. तेव्हाची सर्रास युक्ती म्हणजे ब्युटेनॉल. पाण्याऐवजी हे अल्कोहोल हाताशी आलं की एन्झाइम भलतंच लिपिड करत बसतं आणि आम्ल कमी पडतं. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी, त्याचंच भावंड टर्शरी ब्युटेनॉल, कारण ते एन्झाइमला चालत नाही. माझा निकाल देखणा होता: साध्या ब्युटेनॉलनं स्राव निम्म्यावर, टर्शरीनं जवळपास होता तेवढाच. 2007 मध्ये पेपर आला. पेढे वाटले होते आम्ही.

2009 मध्ये फिपी आलं. हॅलोपेमाइड या मनोविकारावरच्या औषधापासून बनवलेला रेणू, एन्झाइमलाच थेट धरणारा. माझा थिसिस लिहून होत आला होता. परीक्षक विचारतील, त्याआधी एकदा करून टाकू, एवढ्याच हिशेबानं मी तो मागवला.

शनिवारची संध्याकाळ. 96 खळग्यांची प्लेट. हिस्टामिनबरोबर पेशी आणखी एक एन्झाइम बाहेर टाकतात, त्यावरून स्राव मोजायचा. शेवटी कार्बोनेट घातलं की जिथे स्राव झालाय तिथे पिवळं. ब्युटेनॉलची रांग नेहमीसारखी फिकी. फिपीची रांग पिवळीधमक, औषध न घातलेल्या रांगेइतकीच. पहिला विचार आला, फिपी खराब निघालं. रविवारी परत. सोमवारी नवी बाटली फोडून परत. पिवळंच.

मग फिपी काम करतंय की नाही हे बघणं आलं. पेशींना किरणोत्सारी पामिटिक आम्ल पाजलं, क्लोरोफॉर्म-मिथेनॉलनं लिपिडं काढली, काचेच्या टाकीत प्लेट चढवली. आयोडीनच्या वाफेत तपकिरी ठिपके उठले. ब्युटेनॉलमुळे तयार होणाऱ्या त्या भलत्या लिपिडाचा ठिपका जिथे असतो, तिथली सिलिका ब्लेडनं खरवडून किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरमध्ये घातली. फिपी दिलेल्या पेशींत आकडा जवळजवळ शून्य. म्हणजे औषध चोख होतं, एन्झाइम गप्प बसलं होतं, आणि पेशी खुशाल हिस्टामिन सोडत होत्या. मग चार वर्षं माझं ब्युटेनॉल थांबवत काय होतं? बहुधा पटलच बिघडवत होतं. टर्शरी ब्युटेनॉल पटलात साध्याइतकं मुरत नाही, त्यामुळे माझा कंट्रोल मुळात बरोबरीचा नव्हताच. हे पुस्तकात होतं. मी वाचलेलंही होतं.

माझे गाइड, सर, म्हणाले, 'अगं, आपला प्रश्न ब्युटेनॉलचा होता. फिपीचं पुढची बॅच बघेल.' मी भांडले असं सांगायला आवडलं असतं. मी दीड पानाचं परिशिष्ट जोडलं, मुद्दाम कोरड्या भाषेत. व्हायव्हात त्यावर एकही प्रश्न आला नाही. बाहेर येऊन मला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं मला अजून पचलेलं नाही.

माझी बाजू घ्यायची तर पुष्कळ घेता येते. तेव्हा सगळेच ब्युटेनॉल वापरत होते. मी एकही आकडा बनवला नाही. वर्गात मी होकिन पतीपत्नी शिकवते: 1953 मध्ये त्यांनी कबुतराच्या स्वादुपिंडावर असेटिलकोलीन हे मज्जातंतूंचं निरोप्या रसायन घातलं, फॉस्फोलिपिडांमध्ये, म्हणजे पटलातल्या लिपिडांमध्ये, फॉस्फरस भराभर शिरताना पाहिला, आणि त्यातून, अशा लिपिडापासून सुटणारा आयपी-थ्री हा रेणू पेशीत कॅल्शियम मोकळं करतो, इथपर्यंत पोचायला 1983 उजाडलं. निरीक्षण पक्कं असेल तर अर्थ मागाहून लागला तरी चालतो, असं मी मुलांना सांगते. त्यावर ती तेव्हाची मी मागच्या बाकावरून विचारते: त्यांनी नको असलेला निकाल परिशिष्टात टाकला होता का? मी तिला म्हणते, तूच टाकलास. ती म्हणते, मग तो पेपर दुरुस्त करायला तुझे हात कुणी धरले होते? कुणीच नाही. मला पोस्टडॉक मिळत होतं, तेही याच विषयात, याच पेपरच्या जोरावर. मी गेले नाही. त्याला प्रामाणिकपणा म्हणायचा की पळ काढणं, हे दिवसागणिक बदलतं.

गेल्या महिन्यात एमएस्सीची एक मुलगी प्रोजेक्टसाठी पेपर घेऊन आली. 2007 चा. त्यावर माझं माहेरचं नाव आहे, तिला कुठून कळणार.

'मॅडम, हा प्रयोग आपल्याकडे जमेल का? ब्युटेनॉल आहे कपाटात, मी बघितलं.'

'पेशी नाहीत आपल्याकडे,' मी म्हटलं.

'पुण्याच्या पेशीविज्ञान केंद्रातून मागवता येतील ना?'