तुम्ही विचारलंत म्हणून: १६ जीबी रॅम असताना ‘मेमरी अपुरी’ कशी?

नव्या मशीनला १६ जीबी रॅम, तरी जुनी सीडी ‘मेमरी अपुरी’ म्हणते, असं कसं? आणि नव्या मशीनवर जुन्या पीसीची नक्कल करणारा डॉसबॉक्स हा प्रोग्राम असताना तू ते ४८६, नव्वदीतलं जुनं पीसी, कशाला सांभाळतेस? दर वेळी हेच दोन प्रश्न. एकदा नीट सांगते.

मेमरी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे, यावर सगळं अडतं. डॉसला, म्हणजे त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, पहिले ६४० केबी मिळतात, त्यावरचे १ एमबीपर्यंतचे ३८४ केबी व्हिडिओ, बायोस (मशीन सुरू करणारा अंगचा प्रोग्राम) आणि आत बसवलेल्या कार्डांसाठी राखीव. माउस, सीडीचा ड्रायव्हर, डॉसला सीडी वाचू देणारा एमएससीडीईएक्स सगळे त्या ६४० मध्येच दाटीवाटीने बसतात. विंडोजच्या काही जुन्या प्रोग्रामांना २ जीबीच्या पुढचा आकडा चक्क ऋण दिसतो, म्हणून तेही ‘अपुरी’ म्हणतात.

एक ताई वडिलांची सीडी घेऊन आल्या. वडील शिक्षक होते, आता नाहीत. शाळेसाठी पक्ष्यांची माहिती त्यांनी स्वतःच्या आवाजात भरली होती. ४८६वर लावली. आवाज सुरू झाला, दुसऱ्या वाक्यात मशीन गोठलं. “परत लावता का?” परत लावलं, तिथेच अडलं. त्या स्क्रीनकडे बघेनात, माझ्याकडे बघत राहिल्या. मशीन सुरू होताना एफ८ दाबून, ड्रायव्हर चढवणाऱ्या यादीतली एकेक ओळ वगळत गेले. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर वगळला आणि आवाज सरळ पुढे गेला. त्या कार्डाची १६ केबी मेमरी राखीव भागातल्या डी००० या पत्त्यावर होती, पण ती ड्रायव्हर आल्यावरच जागी होते. त्याआधी आलेल्या ईएमएम३८६ला, म्हणजे डॉसच्या मेमरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरला, तिथे रिकामं दिसलं आणि जादा मेमरी तुकड्यातुकड्याने दाखवायची आपली ६४ केबींची चौकट त्याने तिथेच मांडली. डी००० ते डी३एफएफ त्याला वर्ज्य केलं, चौकट ई००० वर नेली. सगळे पक्षी शेवटपर्यंत ऐकले.

“कार्डच काढायचं होतं ना!” हे ऐकून आता खरंच वीट आलाय. सीडीची प्रत नव्या मशीनवर उतरवायची ती त्या नेटवर्क कार्डावरूनच.

ती प्रत आता डॉसबॉक्सवर चालते, मान्य. तिथे हे कार्ड नाही, म्हणून हे भांडणही नाही. पूर्वी मीच म्हणायचे, प्रत निघाली की ४८६ मोडीत द्यावं. आज तसं म्हणवत नाही, आणि तेव्हाचं म्हणणं चूक होतं असंही वाटत नाही. डॉसबॉक्सवर सरांचा आवाज अजून मधूनमधून तुटतो. सायकल्सचा, म्हणजे नकली पीसीच्या वेगाचा, आकडा बदलून पाहतेय.